साठाचं ताट

३ मार्च, सोमवार

वही नातीची आहे. पुढची अकरा पानं तिनं गणितात घालवली, उरलेली मला बक्षीस दिली. कामाच्या तक्त्यात रकाना सोडून एक अक्षर लिहिता येत नाही, आणि मला नेमकं रकान्याबाहेरचं सुचतं. म्हणून ही वही.

बत्तीस वर्षं मी धान्याच्या बाजारात मापाडी होतो. विकणाऱ्याचं पोतं घेणाऱ्यासमोर तोलून द्यायचं, हा धंदा. मग लोखंडी काट्याच्या जागी बटणांचा काटा आला, आणि बटण दाबायला बत्तीस वर्षांचा अनुभव लागत नाही. आता वर्षावर्षाच्या करारावर भाव टिपायला जातो, हे दुसरं वर्ष. शहरातली एकतीस दुकानं ठरलेली आहेत. दर महिन्याला तिथं जायचं, ठरलेल्याच वस्तूचा ठरलेल्याच मापाचा भाव विचारायचा आणि लिहायचा. ते आकडे कचेरीत जातात, तिथून वर जातात, आणि मग बातम्यांत सांगतात की महागाई इतक्या टक्क्यांनी वाढली. सूनबाई म्हणते, "बाबा, म्हणजे महागाई तुम्हीच घेऊन येता होय." पोरगी तोंडाळ आहे, पण गुणाची आहे.

आज अधिकारी बाईंनी बोलावलं. बाई माझ्या मुलापेक्षा लहान आहेत, पण चष्म्यावरून बघितलं की आपण शाळेत उशिरा आलोय असं वाटतं. समोर माझाच तक्ता होता.

"काका, या खाणावळीचं ताट चौदा महिने साठ कसं?"

"साठच आहे बाई."

"तेल वाढलं, गॅस वाढला, बटाटे दुप्पट झाले. आणि ताट साठ. वरच्या कचेरीला वाटतंय, तुम्ही घरी बसून मागच्या महिन्याचा आकडा उतरवता."

माझे कान तापले. बत्तीस वर्षांत माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, भाव तोच असेल तर माल कमी झाला असणार, तो शोधा. सलग सहा सोमवार कचेरीच्या खर्चानं ताट विकत घ्यायचं, तोलायचं आणि वजन लिहायचं. माझा करार तीस एप्रिलला संपतो. पुढे वाढवायचा की नाही ते या सहा वजनांवर.

चोर पकडणं मला नवं नाही. गेल्या वर्षी बेकरीवाल्यानं पावाचा भाव तोच ठेवून आत पन्नास ग्रॅम हवा भरली होती, ती मीच पकडली. खाणावळवालीचीही पकडतो.

७ मार्च, शुक्रवार

टेकडीवरच्या मोठ्या दुकानात गेलो. तिथं माझ्या यादीत चीज आहे, बाटलीतलं ऑलिव्हचं तेल आहे आणि कुत्र्याचं खाणं आहे. रांगेत एक बाई मैत्रिणीला सांगत होत्या की महागाईनं जीव नकोसा केलाय. त्यांच्या ढकलगाडीत तेलाचे बारा मोठे डबे होते, कारण सोमवारी भाव वाढणार हे त्यांना कळलं होतं. खालच्या पेठेत हेच तेल लोक छोट्या पुडीत घेतात. हिशेब केला तर पुडीतलं तेल डब्यातल्यापेक्षा सव्वापट महाग पडतं. श्रीमंत माणूस महागाईच्या आधी दुकानात पोचतो, गरिबाला ती काउंटरवर उभी भेटते.

उतारावर एका बंगल्याचा माळी भेटला, ओळखीचा आहे. हातात फावडं आणि पिशवी. म्हणाला, साहेबांनी खर्च कमी करायचं ठरवलं.

"मग काय कमी केलं त्यांनी?"

"मला," तो म्हणाला.

१० मार्च, सोमवार

पहिलं वजन. खाणावळ स्टँडमागच्या गल्लीत आहे. चार लांब बाकं, भिंतीवर पाटी: ताट ६०. ताटात भात, डाळ, एक भाजी, दोन पाव आणि एक उकडलेलं अंडं. चालवणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणतात, सत्तरीचे हमालसुद्धा. पन्नाशीची, खांद्यावर पंचा, आणि हातात डाव घेतला की तिच्याशी कुणी वाद घालत नाही.

आजवर बाहेरूनच पाटी वाचून भाव लिहिला होता, म्हणून ओळख नव्हती; आताही द्यायची नाही असं ठरवलं होतं. "एक ताट, बांधून," म्हटलं. तिनं मला वरपासून खालपर्यंत एकदा बघितलं आणि डबा भरला. समोर बंद पडलेल्या टायपिंग क्लासची पायरी आहे, तिथं अंग चोरून बसलो, पिशवीतला काटा काढला. डब्याचं वजन वजा जाता सहाशे चार ग्रॅम. यादीत लिहिलेलं मूळ वजन सहाशे. कमी नाही.

वजन झाल्यावर ताट खाल्लं. नमुना फेकून कसा द्यायचा. खरं तर दुपारी मला भूक नसते. वयानं भूक कमी होते, हे बरंच आहे. घरातला डाळीचा डबा पूर्वी महिनाभर पुरायचा, मध्यंतरी पंचविसाव्या दिवशीच तळ दिसायला लागला. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण आमचं अंथरूणच दर धुण्याला आटतंय. मी सूनबाईला सांगितलं, कामावर दुपारचं जेवण मिळतं. सरकारी काम म्हटल्यावर तिला पटलं. आता डबा पुन्हा महिनाभर पुरतो. या युक्तीचं मला स्वतःचंच कौतुक वाटतं.

१७ मार्च, सोमवार

सहाशे एकतीस. काटा पुन्हा शून्यावर आणून पुन्हा तोललं. सहाशे एकतीसच.

२४ मार्च, सोमवार

सहाशे अडुसष्ट. भात जास्त आहे. मी मुद्दाम गर्दीच्या वेळी गेलो होतो, म्हणजे बाईला हात आखडता घ्यायला कारण होतं. तिनं उलट विचारलं, "काका, डाळ पातळ चालेल की दाट देऊ?" मी म्हटलं, नियमाप्रमाणे असेल ती द्या. ती हसली. नियम म्हटल्यावर माणसं हसतात, तिथंच देश मागे राहतो.

आज माळी बाकावर जेवत होता. त्याच्या ताटात भाताचा डोंगर. शेजारी एक बँकेतला टाय लावलेला माणूस, त्याच्यापुढे बेताचं ताट. बाईच्या हाताला माप नाही. स्वयंपाकी उत्तम, मापाडी म्हणून मात्र मी तिला एक दिवस ठेवणार नाही.

३१ मार्च, सोमवार

सहाशे नव्वद. आणि अंडं मोठं.

मी चोर पकडायला निघालो होतो आणि इथं उलटंच चाललंय. साठाला सहाशे ग्रॅम मिळायचं, आता सहाशे नव्वद मिळतं. म्हणजे ताट स्वस्त झालं. एकतीस दुकानांत तीस ठिकाणी भाव चढतोय आणि या एका गल्लीत तो उतरतोय. मला खाणावळवालीबद्दल आदर वाटायला लागलाय, हे लिहून ठेवतो.

कमरेचा पट्टा सैल पडतो म्हणून मोच्याकडून नवीन भोक पाडून घेतलं. हल्लीचं चामडं फार ताणतं.

५ एप्रिल, शनिवार

रात्रीच्या जेवणात सूनबाईनं मला जास्तीची पोळी वाढली. मी म्हटलं, दुपारचं जड झालंय. ती माझ्याकडे बघत राहिली आणि पोळी नातीच्या ताटात टाकली. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या हाफिसात काय काय असतं जेवायला?" मी खाणावळीचं ताट वर्णन करून सांगितलं, अगदी अंड्यासकट. खोटं बोललो नाही, सोमवारचं सगळ्या वारांना लावलं एवढंच.

७ एप्रिल, सोमवार

सातशे पंधरा. आता राहवेना. डबा घेतल्यावर तिथंच थांबलो, गर्दी ओसरू दिली आणि सरळ विचारलं.

"ताई, तुम्हाला साठात परवडतं कसं?"

"नाही परवडत."

"मग?"

तिनं हात पुसले आणि समोर बसली. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या एका बंगल्यातून वाढदिवसाच्या जेवणाची विचारणा आली. तिनं प्रामाणिकपणे माणशी शंभर सांगितले. बंगल्यातल्या बाईंनी घेतलं नाही. म्हणाल्या, इतकं स्वस्त म्हणजे काहीतरी गडबड असणार. पुढच्या वेळी दुसऱ्या बंगल्यातून, म्हणजे माळी ज्या साहेबाकडे होता तिथूनच, विचारणा आली तेव्हा ताईनं सातशे सांगितले. त्यांनी आगाऊ पैसे दिले आणि वर सांगितलं, मैत्रिणींना नंबर देऊ का.

"जेवण तेच?"

"तेच. भांडी त्यांची, आणि मी डोक्याला जरा बरा रुमाल बांधते." ती म्हणाली, "गेल्या वर्षी सगळं महागलं, मी तिकडे नऊशे केले. कुणी हूं की चूं केलं नाही. दोघी बंगलेवाल्या आपसात सांगत होत्या म्हणे, नऊशेवाली बाई मिळाली आहे. इथं मी साठाचे पासष्ट केले तर चौघं जण एक दिवसाआड यायला लागतील. मला माहीत आहे कोण चौघं."

महिन्याला टेकडीवरची सहा जेवणं, आणि इथली पाटी हलत नाही. ज्या साहेबानं माळ्याला काढलं, त्याच्याच घरच्या जेवणावळीतून माळ्याचा भात निघतो, आणि दोघांनाही ते माहीत नाही. एवढे मोठमोठे लोक वर बसून महागाईवर उपाय शोधतायत आणि ही बाई शनिवारी रुमाल बांधून तो करून येते. मी उठून नमस्कार केला. ती म्हणाली, "डबा निवतोय. जा, पायरीवर बसा."

पायरीचं तिला कसं कळलं कोण जाणे. खिडकीतून दिसत असेल.

१४ एप्रिल, सोमवार

सातशे बेचाळीस. सहा वजनं पूर्ण. तक्त्यासोबत अर्धं पान जोडलं: "सदर खाणावळीत भाव स्थिर असून सहा आठवड्यांत मालात सुमारे तेवीस टक्के वाढ आढळली. सबब ताट स्वस्त झाले आहे. चालिका कौतुकास पात्र." शेवटचं वाक्य रकान्यात बसत नव्हतं, समासात लिहिलं.

१६ एप्रिल, बुधवार

अधिकारी बाईंनी पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "काका, वर हे पाठवलं तर तुमच्याबरोबर मलाही घरी बसवतील." सोमवारी त्या स्वतः येणार, आपल्या डोळ्यांनी तोलणार. मी म्हटलं, अवश्य या, हातच्या कांकणाला आरसा कशाला.

२१ एप्रिल, सोमवार

झालं ते जसं झालं तसं लिहितो.

बारा वाजता गेलो. दोन ताटं मागवली, एक बाईंचं, एक माझं. ताईनं बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि वाढलं. बाईंनी कचेरीचा काटा काढून बाकावरच ठेवला, लपवाछपवी नाही. त्यांचं ताट पाचशे अठ्ठ्याऐंशी. माझं सातशे एक्कावन्न, त्यात अंडी दोन.

मला वाटलं काटा चुकला. अदलाबदल करून तोललं. काटा चुकला नव्हता.

बाईंनी ताईला विचारलं, "यांना जास्त का?"

"तुम्ही सकाळी खाऊन निघालात," ताई म्हणाली. "यांच्या पोटात कालपासून काही नाही."

"हे तुम्हाला कसं कळतं?"

"तीस वर्षं वाढते आहे, बाई. पहिल्या सोमवारी हे डबा घेऊन पायरीवर गेले, काटा काढला, वजन केलं. मला वाटलं, चला, तपासणीवाले. मग खायला लागले. मी इथून बघत होते. डब्याला लागलेली डाळ पावानं पुसून खाल्ली, मग पाव संपला म्हणून बोटानं. दुसऱ्या सोमवारी एक डाव जास्त टाकला. तेही पुसून खाल्लं. मग मी बघत गेले, कुठं थांबतात ते. अजून थांबले नाहीत."

मी म्हटलं, "ताटाचं वजन ठरलेलं असायला हवं ताई."

"माझ्याकडे भाव ताटाला आहे, वजनाला नाही. ज्याची जेवढी भूक."

बाकावरचे लोक जेवत होते, कुणी मान वर केली नाही, ते मला फार बरं वाटलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बत्तीस वर्षं जगाची पोती तोलली आणि काट्यापुढे बसलेला माणूस कधी तोलला नाही. सहाच्या सहा वजनं बरोबर होती आणि पहिलं सोडून पाचही खोटी होती.

बाहेर आल्यावर बाईंनी काटा पिशवीत घातला. मग म्हणाल्या, ही वजनं रद्द होतील. चूक का झाली त्याचा शेरा माझ्या हातानं, माझ्या सहीनं द्यावा लागेल. छापील कारणं चार: माल बदलला, दुकान बंद, काटा नादुरुस्त, इतर.

"काटा नादुरुस्त लिहा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "काट्याला कुणी घरी बसवत नाही. तुमचा करार मी सांभाळून घेते."

वयानं लहान बाई, पण मन मोठं. मी म्हटलं, उद्या देतो.

२१ एप्रिल, संध्याकाळ

दिवसातून दोनदा कधी लिहीत नाही. पण काटा माझ्यासमोर ठेवलाय आणि त्याच्यावर आळ घालायला हात होत नाही. बाजारात ज्याचं माप चुकायचं तो पहिल्यांदा काट्याला शिव्या द्यायचा, आणि त्यावरूनच आम्ही ओळखायचो की हा मापाडी कच्चा आहे.

खरं लिहिलं तर करार जाईल. करार गेला तर डाळीचा डबा वीस दिवससुद्धा पुरणार नाही. आणि खरं लिहायचं तर ते कचेरीतल्या परक्या लोकांच्या आधी घरात सांगायला हवं.

सूनबाई भांडी विसळत होती. मी दारात उभा राहून सांगितलं, की कामावर जेवण नसतं, कधीच नव्हतं. तिनं नळ बंद केला. मला वाटलं रडेल, पण ती चिडली. इतकी चिडलेली मी तिला पाहिली नव्हती.

"किती महिने?"

"आठ."

"उद्यापासून डबा न्यायचा."

"डाळ पुरायची नाही गं."

"नाही पुरली तर सगळ्यांना नाही पुरणार," ती म्हणाली. "तुम्हाला एकट्याला नाही."

मग तिनं पुन्हा नळ सोडला आणि पाठ करून उभी राहिली. हिच्या माहेरच्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे.

२२ एप्रिल, मंगळवार

"इतर" वर खूण केली. पुढे लिहिलं:

"काटा बरोबर होता. वजन घेणारा उपाशी होता. वाढणाऱ्या बाईने ते ओळखून दर आठवड्यास जास्त वाढले. वजन घेणाऱ्यास ते ओळखता आले नाही. चूक वजन घेणाऱ्याची."

सही केली. बाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुसला. "हे असंच पाठवू?" विचारलं. मी म्हटलं, माप एकदा सांगितलं की मापाडी ते बदलत नाही. त्यांनी शिक्का मारला.

३० एप्रिल, बुधवार

दिवसभर कचेरीच्या बाकावर. वरून बाईंना दोनदा फोन आला. दार उघडं होतं. पहिल्या फोनला त्या म्हणत होत्या, "नाही सर, थट्टा नाही. नाही, मी स्वतः होते तिथे." दुसऱ्याला नुसतं "हो" आणि "सात जण आहेत" एवढंच ऐकू आलं.

चार वाजता बोलावलं. खाणावळीचं ताट यादीतून काढलं, कारण ज्या मालाचं माप माणसागणिक बदलतं त्याचा भाव टिपता येत नाही. म्हणजे देशाच्या महागाईत ताईचं ताट यापुढे धरलं जाणार नाही. माझा करार वर्षाऐवजी सहा महिने वाढवला. सही करताना ती रकान्याबाहेर गेली. बाईंनी खिडकीबाहेर बघायचं सौजन्य दाखवलं.

ताईला सांगायला गेलो. म्हणाली, "बरं झालं. मला कशाला मोजता. टेकडीवरचे नऊशे मोजा."

५ मे, सोमवार

नवे तक्ते आले. सगळं तेच, फक्त तारखेच्या खाली बाईंनी आमच्या कचेरीपुरती एक ओळ वाढवून घेतली आहे, रबरी शिक्क्यानं, जरा तिरपी:

वजन घेणाऱ्याचे जेवण झाले आहे काय? होय / नाही.

आमच्या कचेरीत भाव टिपणारे सात जण आहोत. मला वाटायचं, बाकीचे सहा माझ्यापेक्षा बरे आहेत. एक तर कायम दात कोरत असतो. सकाळच्या फेरीचे सहा तक्ते आले होते, ते बाईंनी मला दाखवले. चार जणांनी "नाही"वर खूण केली होती. दात कोरणाऱ्यानंही. बाईंनी ते चार कागद वेगळे काढले, त्यांवर माझ्या शेऱ्याची नक्कल टाचली आणि वर पाठवायच्या पिशवीत घातले.

मी बेकरीत पोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. पाव काट्यावर ठेवला आणि लिहायला घेतलं, तर पहिलाच प्रश्न तो. होय लिहावं तर खोटं, नाही लिहावं तर सूनबाईनं सकाळी भरून दिलेला डबा पिशवीत. बेकरीवाला म्हणाला, "काय काका, आज कसली तपासणी?" मी म्हटलं, पाच मिनिटं थांब. बेकरीच्या पायरीवर बसलो, डबा उघडला आणि सगळं खाल्लं. मग हात धुतले, पाव पुन्हा तोलला आणि होयवर खूण केली.